ऑडिट नव्हतं, हरिश्चंद्रगड होता

प्रिय ताई,

मी ४७ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. लग्न केलं नाही. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. कळतं मात्र सगळं. दिवसा ब्युरोची बाई असते, संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत मी. धाकटा भाऊ पुण्याला असतो, रोज फोन करतो.

बाबांनी मला दहाव्या वर्षी हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. कल्याणहून रात्रीची एसटी, पहाटेच्या अंधारात खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर गाठायचं आणि मग तोलारखिंड. आई आम्हाला दशम्या बांधून द्यायची. तेव्हापासून वर्षातून एकदा तरी जायचेच, बाबा गेल्यावरही जात राहिले. आई आजारी पडली आणि ते बंद झालं.

गेल्या नोव्हेंबरात राहवलं नाही. घरी सांगितलं, शनिवार-रविवार नाशिकच्या शाखेत ऑडिट आहे. बाईला रात्रीचे जादा पैसे दिले आणि एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेले. वर माणसंच माणसं. आमची नेहमीची बसायची जागासुद्धा मोकळी नव्हती. केदारेश्वराच्या गुहेत चारांतला एकच खांब उभा आहे ना, तो बघून वाटलं, ही मीच. संध्याकाळी कोकणकड्यावर तासभर नुसती बसले. वाटलं, इथेच राहावं, खाली जाऊच नये. परत आल्यावर तीन-चार दिवस आईवर एकदाही खेकसले नाही.

मग ग्रुपमधल्या एका मुलाने फोटो टाकले आणि ते भावाने पाहिले. “आई अशी पडलेली असताना तुला डोंगर सुचतात कसे?” असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. त्या रविवारी रात्री घरी येऊन तशीच आईच्या खाटेवर बसले, तर तिने डाव्या हाताने माझ्या मोज्यांतली कुसळं एकेक करून काढली. बोलली काहीच नाही.

ही पळवाट आहे का? गड कायमचा सोडून देऊ?

– गडवेडी

*

प्रिय गडवेडी,

आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल विचारते, बाकीचं नंतर. ‘इथेच राहावं, खाली जाऊच नये.’ याचा अर्थ ‘आता सात वाजता ड्युटी नको, कुणाची कूस बदलायला नको, दोन दिवस मला कुणी हाक मारू नये’ असा असेल, तर त्यात काळजीचं काही नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते येऊन गेलेलं असतं, कबूल करणारे थोडे. पण कड्याच्या काठावर बसून त्या वाक्याला दुसराही अर्थ येत असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठण्यातच काही राम वाटत नसेल, तर गड राहू दे बाजूला. आधी १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही सांगा. हे मी सदराची रीत म्हणून लिहीत नाही. कोकणकड्यावर मी स्वतः बसलेय आणि ती दरी माणसाला कशी ओढते ते मला ठाऊक आहे. तिथे पालथं झोपूनच खाली डोकवायचं असतं, हे तुमच्या बाबांनी दहाव्या वर्षीच शिकवलं असणार.

आता ऑडिट.

तुमच्या भावाला राग नेमका कशाचा आला, हे एकदा शांतपणे बघा. तो बोलला डोंगराबद्दल. पण त्याला कळलं काय, तर आई बाईच्या हवाली आहे, बहीण नाशिकला नाही, आणि ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. त्याचं बोलणं मला आवडलेलं नाही. त्याच्याकडे येतेच. पण त्या दोन दिवसांत तुमची चूक झाली असेल तर ती एवढीच आहे. गडावर जाण्यात चूक नव्हती, चोरून जाण्यात होती.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते? ऐका. माझे सासरे अंथरुणाला खिळून होते त्या काळात मी एकदा मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे म्हणून घराबाहेर पडले. सॅक आधीच शेजारणीकडे ठेवली होती. खिरेश्वरच्याच वाटेने गेले, एकटी. उतरताना तोलारखिंडीच्या जरा खाली पाय मुरगळला. तासाभरात घोटा एवढा सुजला की बुटाची नाडी पूर्ण सैल केली तरी पाय आत जाईना. फोनला रेंज नाही. कारवीच्या झुडपांत बसून मी विचार करत होते की शोधायला कुणी निघालंच, तर कुठे जाईल? लग्नाच्या हॉलवर! आणि माझे यजमान खरंच तिथे फोन करून मोकळे झाले होते. अंधार पडता पडता गुरं घेऊन उतरणारा एक मुलगा भेटला, त्याने काठी तोडून दिली आणि खांदा दिला. खिरेश्वरात पोचायला रात्रीचे नऊ वाजले. घरी जो तमाशा झाला तो लिहिण्यासारखा नाही. पण लक्षात एकच गोष्ट राहिली. सासऱ्यांना माझ्या डोंगराचं काहीच वाटलं नव्हतं. ‘मला का नाही सांगितलं?’ एवढंच त्यांनी विचारलं, तेही दोन दिवसांनी.

तेव्हा पहिली अट. घरातून निघताना कुठे चाललात, कोणत्या वाटेने, कोणाबरोबर आणि कधी परत, हे घरी कागदावर लिहून ठेवायचं. पायथ्याच्या गावातही कुणाला तरी नाव आणि घरचा नंबर देऊन मगच वर चढायचं. घरच्यांचा मान राखायला म्हणून नव्हे, हाडं शाबूत राहावीत म्हणून.

पळवाट आहे का, असं तुम्ही विचारलंत. ज्या वाटेने माणूस परत येऊन सोमवारी सकाळी आईला स्पंज करतो, त्या वाटेला पळवाट म्हणायला माझं मन धजत नाही. पळणारे परत येत नाहीत. तुम्ही तर परत येऊन चार दिवस खेकसला नाहीत, आणि हे तुम्ही पत्रात ज्या घाईने एका ओळीत उरकलंय ना, मला तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चार दिवस. म्हणजे तुमच्या आईला त्या गडाचा उपयोग झाला, तोही फुकट.

केदारेश्वराच्या खांबाबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

ती गुहा मी बऱ्याचदा पाहिलीय. पाण्यात पाय टाकला की थंडीने पोटऱ्या बधिर होतात, मे महिन्यातसुद्धा. मधोमध ती प्रचंड पिंड, कमरेएवढ्या पाण्यात, आणि चार कोपऱ्यांतले तीन खांब मोडलेले. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग बुडणार, असं तिथे कुणी ना कुणी सांगतंच. तुम्हाला तो उरलेला खांब बघून स्वतःची आठवण झाली. साहजिक आहे. पण वर बघितलंत का? ते लेणं कातळात कोरलेलं आहे. आपल्या घरासारखे आधी खांब उभे करून त्यावर छत टाकलेलं नाही. डोंगर आत आत पोखरत नेला आणि तेवढा दगड जागच्या जागी ठेवला, तोच खांब. छत, खांब, जमीन, सगळं एकाच दगडाचं. म्हणून तीन खांब तुटूनही छत तिथेच आहे. त्याला भोवतालच्या डोंगराने धरून ठेवलंय. तो एकटा खांब सगळा भार पेलतोय असं दिसतं खरं, पण तसं नाहीये.

तुमच्या घरातही तसं नसेल कदाचित. हे तपासून बघायचा एकच मार्ग आहे. एक शनिवार-रविवार खांब बाजूला व्हायला हवा, सगळ्यांना सांगून.

इथे भाऊसाहेब येतात. पुण्याहून रोज फोन करून आईची चौकशी करणं चांगलंच आहे, पण फोनवरून कूस बदलता येत नाही. त्यांना भांडणाच्या सुरात काही बोलू नका, चूक कबूल करून सुरुवात करा. ‘मी खोटं बोलले, ते चुकलं. पुन्हा बोलणार नाही. म्हणून आजच सांगतेय, महिन्यातले अमुक दोन दिवस मी घरी नसेन. तू येशील, की रात्रीच्या बाईचे पैसे अर्धे अर्धे करायचे?’ बघा, ‘जाऊ का?’ असं विचारायचं नाहीये. तारीख सांगायची आहे. आणि तो आला तर त्याच्या हातात कागद द्या: औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी कूस, भरवताना आधी नीट बसतं करायचं, आडवं असताना पाणी पाजायचं नाही, डायपर कुठल्या कपाटात. पहिल्या वेळी तो चार फोन करेल. दोन उचला. बाकीचे दोन रेंज खातेच.

एक आठवण सांगते, भावाशी बोलण्याआधी मनात असू द्या. कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं दख्खनच्या हवामानावरचं लिखाण छापून आलं, त्यात त्याने हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या या गोल इंद्रधनुष्याबद्दल लिहिलंय. सकाळचं ऊन पाठीवर, समोर दरीत धुकं भरलेलं, आणि त्या धुक्यावर आपली सावली, तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं. मला ते आयुष्यात एकदाच दिसलं. शेजारी माझी बहीण होती. मी ओरडले, ‘अगं, माझ्या डोक्याभोवती बघ!’ तर ती म्हणाली, ‘तुझ्या कुठे, माझ्या डोक्याभोवती आहे!’ आम्ही दोघीही खरं तेच बोलत होतो. ते कडं ज्याचं त्यालाच, स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. शेजाऱ्याची सावली नुसती काळी. तुमच्या भावाला पुण्यात बसून आपण आईजवळ नाही याचं काहीतरी खुपत असणार, तुम्हाला ते दिसत नाही. त्याला तुमची रात्र दिसत नाही. बस, इतकंच.

आता गर्दीबद्दल. ती आहे. जोडून सुट्ट्या आल्या की पायथ्याच्या पाचनई गावाच्या बाजूने रांग लागते, तंबूंच्या दोऱ्यांत पाय अडकतात आणि ज्या कड्यावर वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही तिथे स्पीकर. चिडचिड होते, माझीही होते. यावर उपाय अगदी बँकेतला आहे: रजा टाका. मंगळवार-बुधवार जा. तुमची खिरेश्वरची वाट लांबची म्हणूनच अजून जरा बरी आहे. चार-पाच तासांची चढण पुष्कळ हौशी लोकांना गाळून टाकते. मुक्कामाचे आणि तंबूचे नियम बदलत असतात, अभयारण्य आहे, तेव्हा निघण्याआधी वनखात्याच्या लोकांना किंवा गावात विचारून घ्या.

पण ‘आमची जागा’ या शब्दावर मी जरा थांबले.

पाचनईत एका घरी मी बरीच वर्षं जेवायला थांबते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. घर पूर्वी कारवीच्या कुडाचं होतं, शेणामातीने लिंपलेलं. आता पुढची भिंत विटांची झालीय, मागची अजून कुडाचीच आहे. एकदा मी चुलीपाशी बसले होते. बाई भाकरी थापत होत्या. परातीत पाण्याचा हात, पिठाचा हात, मग तवा, मग निखाऱ्यावर उभी करून फुगवायची. आतल्या खोलीतून दर पाच मिनिटांनी हाक यायची. सासू. तीन वर्षं खाटेवर. बाई पिठाच्या हातानेच उठायच्या, आत जायच्या, परत येऊन हात धुऊन पुन्हा थापायच्या. मी वर कड्यावर जाऊन मन हलकं करून आले होते आणि इथे पायथ्याशी माझ्याच घरातला प्रसंग चालू होता. मी विचारलं, “तुम्ही थकलात की वर कड्यावर जाऊन बसता का हो कधी?” त्या हसल्याच. “कड्यावं? तिथं काय हाय? लाकडं तिकडं, गुरं तिकडं. माझं सगळं काम तिकडंच हाय, ताई.” मग भाकरी उलटत म्हणाल्या, “मी राजूरच्या बाजाराला जाते. काय घ्यायचं नसलं तरी जाते. चार तास कुणी हाक मारत नाही.”

तुम्ही गर्दीला कंटाळून त्यांच्या डोंगरावर जाता, त्या बाई डोंगराला कंटाळून गर्दीत जातात. त्या दिवसापासून मी ‘माझा गड’ म्हणायचं कमी केलंय. आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या सासूजवळ कोण बसतं, तेही विचारलं होतं. जाऊबाई. त्यांचं आपसांत ठरलेलं आहे. तुमच्याकडे जाऊबाई नाही, पण भाऊ आहे, बाई आहे, आणि समोरच्या ब्लॉकमध्ये तुम्ही कधीच काही मागितलं नाहीत असं कुणीतरी असेलच.

तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसायचे, हे आपण फार कौतुकाने सांगतो. भाकरी घेऊन तो डोंगर चढणारी आवली मात्र आपल्याकडे चेष्टेचाच विषय राहिली. एकाला डोंगर मिळतो तेव्हा घर दुसरं कुणीतरी सांभाळत असतं. त्याचे पैसे द्यावेत, नाहीतर पाळी लावावी. तुम्ही बाईला जादा पैसे दिलेत, हे तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत.

महिन्यातून एकदा हरिश्चंद्रगड जमणार नाही, हे मलाही कळतं. तीन-चार महिन्यांतून एकदा जमवा. मधल्या शनिवारी आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याच्या रानात चार तास फिरून या, गडावर नाही चढलात तरी चालेल. आणि रोजचं म्हणाल, तर डोंबिवलीच्या बऱ्याच गच्च्यांवरून अजून मलंगगडाची रांग दिसते, टॉवरच्या फटींतून का होईना. बाई सातला जायच्या आधी दहा मिनिटं वर जा. फोन खाली ठेवून. मी हे वर्षभर केलं. गंमत म्हणजे मला त्यातून काही थोर कळलं नाही, पण रात्रीची पहिली हाक आली की दात-ओठ खायची सवय कमी झाली.

खरं तर इथे कारवीचं उदाहरण द्यायचा फार मोह होतोय. सात-आठ वर्षं नुसती हिरवी उभी राहते, मग एकदाच फुलते वगैरे. पण आजारी माणसाच्या घरी असली उदाहरणं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मीच चहा न देता पाठवलेलं आहे. राहू दे.

डोंगराकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. तो आईला बरं करणार नाही, आणि ‘मी पुरेसं करतेय का’ या प्रश्नाचं उत्तरही देणार नाही. कोकणकड्याचा तो कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. थरावर थर, खाली कोकणापर्यंत. त्याच्यापुढे आपलं दुःख लहान वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. माझं दुःख होतं तेवढंच राहिलं. मला फक्त तेव्हा चार तास कुणी ‘औषध दिलंस का’ असं विचारलं नाही, आणि सासऱ्यांचा आजार म्हणजेच सासरे असं जे झालं होतं ते जरा सुटलं. खिंडीतल्या दगडावरचं वाघाचं शिल्प बघताना एकदम आठवलं की हा माणूस पूर्वी आमच्या मुलांना वाघाचे आवाज काढून दाखवायचा. घरी आल्यावर त्यांना तसं सांगितलं. त्यांनी आवाज काढायचा प्रयत्न केला. खोकलाच आला, पण काढला.

शेवटी त्या कुसळांबद्दल. तुम्ही लिहिलंत की ते डोक्यातून जात नाही, आणि तुम्हाला ती बहुतेक मुकी तक्रार वाटतेय. मला नाही वाटत. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या बाईने नवऱ्याच्या आणि लेकीच्या मोज्यांतली कुसळं काढून मोजे धुवायला टाकले, तिला नाशिकच्या बँकेत कुसळं लागत नाहीत एवढं कळणारच. ऑडिटची थाप घरात ज्या एका माणसाला लागू पडली नाही, त्याच माणसाला ती मारायची गरजही नव्हती.

तेव्हा पुढची तारीख ठरली की भावाच्याही आधी आईला सांगा. दशम्यांचं पीठ परातीत घेऊन त्यांच्या खाटेशी बसा आणि दूध किती घालायचं ते विचारा. पुरे झालं की त्या डाव्या हाताने थांबवतील.

– तुमची ताई